नाण्याची दर्शनी बाजू कशी ओळखावी: चाराण्यापासून शिवराईपर्यंत

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी महालापासून धरमपेठेपर्यंत नागपुरातल्या किती तरी घरांत जुनी नाणी डब्यातून बाहेर येतात. त्यांत राणीछाप रुपया असतो, राजाछाप असतो, भोकाचा पैसा आणि ढब्बू असतो, आणि क्वचित एखादी झिजलेली शिवराईही निघते. पूजा आटोपली की घरातले कोणीतरी या नाण्यांचा फोटो काढून जाणकाराकडे पाठवतो आणि ‘हे कोणते नाणे आहे’ असे विचारतो. पुष्कळदा तो फोटो एकाच बाजूचा असतो, आणि ती बाजू नेमकी अशी असते की तिच्यावरून नाणे कोणी पाडले हे सांगता येत नाही. नाण्याची ओळख, नोंद, खरेदी-विक्री आणि जतन या सगळ्यांची सुरुवात दर्शनी बाजू कोणती आणि मागील बाजू कोणती हे ठरवण्यापासून होते, म्हणून ही रीत येथे क्रमाने आणि सविस्तर मांडली आहे.

नाणेफेकीत आपण ज्याला छापा आणि काटा म्हणतो, त्यालाच अभ्यासाच्या भाषेत पुरोभाग आणि पृष्ठभाग, किंवा सोप्या शब्दांत दर्शनी बाजू आणि मागील बाजू म्हणतात. बहुतेकांच्या मनात अशी समजूत असते की चेहरा असेल ती पुढची बाजू आणि आकडा असेल ती मागची. ही समजूत राणीछाप रुपयाला लागू पडते, पण आपल्याच खिशातल्या काही नाण्यांना ती लागू पडत नाही आणि जुन्या नाण्यांपाशी तर ती पूर्ण कोलमडते. खरी कसोटी वेगळी आहे. ज्या बाजूवर नाणे चालवणाऱ्या सत्तेची खूण असते ती दर्शनी बाजू. ती खूण राजाचा चेहरा असेल, त्याचे नाव असेल, राजचिन्ह असेल किंवा राष्ट्राचे बोधचिन्ह असेल. नाणे हाती घेतल्यावर पहिला प्रश्न एकच विचारावा, तो म्हणजे हे नाणे कोणाच्या हुकमाने चालत होते. या प्रश्नाचे उत्तर देणारी बाजू सापडली की नव्वद टक्के काम झाले असे खुशाल समजावे. चेहरा, आकडा आणि साल या तिन्ही गोष्टी मदतीला येतात, पण त्यांतली एकही स्वतःच्या बळावर निर्णय देत नाही.

पाहण्याआधीची तयारी

नाणे नेहमी कडेने, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरावे. बोटाचा घाम सपाट भागावर लागला की चांदीवर डाग पडतो आणि तांब्यावर तर बोटाचा ठसाच कायमचा उमटतो. टेबलावर मऊ सुती कापड पसरून त्याच्यावरच नाणे हाताळावे, म्हणजे हातातून सुटले तरी त्याच्या कडेला खोक पडणार नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्नियर आणि ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा एवढे साहित्य पुरेसे आहे. इतवारीच्या सराफा बाजारात असा काटा प्रत्येक दुकानात असतो, त्यामुळे घरी नसल्यास तेथे वजन करून घेता येते.

नाणे घासू नये. चिंच, लिंबू, पितांबरी, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. चिंचेने तांब्याची शिवराई चकचकीत होते हे खरे, परंतु तिच्यावरचा शतकांचा थर आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात, आणि मग जी बाजू ओळखायची तीच पुसट होऊन बसते. नाण्यावर सुटी माती असेल तर शुद्ध पाण्यात काही वेळ ठेवून ती आपोआप सुटू द्यावी आणि नंतर मऊ कापडाने नुसते टिपून घ्यावे.

प्रकाश समोरून किंवा वरून घेऊ नये. अंधाऱ्या खोलीत टेबलावरचा दिवा नाण्याच्या पातळीजवळ, एका कडेला ठेवावा आणि नाणे हळूहळू गोल फिरवावे. तिरप्या प्रकाशात उठाव आणि खळगा यांच्या सावल्या पडतात, आणि वरून पूर्ण गुळगुळीत दिसणाऱ्या नाण्यावरही एखादे अक्षर किंवा मुकुटाची कड उठून दिसते. माझ्या मते झिजलेल्या नाण्यासाठी याहून स्वस्त आणि याहून खात्रीचा दुसरा उपाय नाही.

स्वतंत्र भारताची नाणी

येथे नियम सोपा आहे. सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष ज्या बाजूवर असेल ती दर्शनी बाजू. १५ ऑगस्ट १९५० रोजी प्रजासत्ताकाची पहिली नाणेमालिका चलनात आली, तेव्हा राजाच्या मुखवट्याची जागा या सिंहांनी घेतली, आणि तेव्हापासून आजपर्यंत ती त्यांच्याकडेच आहे. त्या मालिकेत रुपयाच्या मागील बाजूवर धान्याची कणसे, आण्यांच्या नाण्यांवर बैल आणि पैशावर घोडा होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली आणि ‘नया पैसा’ सुरू झाला. त्याच्या मागील बाजूवर ‘रुपये का सौवां भाग’ असे लिहिलेले आढळते, कारण सोळा आण्यांच्या हिशेबात वाढलेल्या लोकांना नव्या नाण्याची किंमत नाण्यावरच समजावून सांगणे भाग होते. १ जून १९६४ पासून ‘नया’ हा शब्द गळला.

आता ज्या नाण्यापाशी हमखास चूक होते ते पाहू. १९८८ पासून निघालेले पोलादी चाराणे, म्हणजे पंचवीस पैशांचे नाणे, घरात सापडले तर भिंगाखाली धरावे. एका बाजूला गेंडा आहे. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत २५ हा आकडा आहे आणि त्या आकड्याच्या वर, अगदी लहान आकारात, सिंहशीर्ष आहे. आकडा म्हणजे काटा या हिशेबाने पाहणारा गेंड्याला दर्शनी बाजूवर नेऊन बसवतो. प्रत्यक्षात सिंह आकड्याबरोबर आहेत, म्हणून आकड्याची बाजू दर्शनी आणि गेंड्याची बाजू मागील. त्याच काळातल्या आठाण्यावर भारताच्या नकाशासह संसद भवन आहे, आणि १९९२ पासूनच्या दोन रुपयांच्या नाण्यावर नकाशा, झेंडा व ‘राष्ट्रीय एकता’ हे शब्द आहेत. तेथेही चित्राची बाजू मागील आणि सिंह व आकडा असलेली बाजू दर्शनी हाच न्याय लागतो. याउलट त्याच काळातल्या एक रुपयाच्या पोलादी नाण्यावर आकडा व कणसे एका बाजूला आणि सिंह स्वतंत्रपणे दुसऱ्या बाजूला आहेत. म्हणजे एकाच सरकारच्या, एकाच दशकातल्या नाण्यांत आकडा कधी पुढे आहे, कधी मागे आहे, आणि सिंह मात्र प्रत्येक वेळी पुढेच आहेत.

२०११ पासूनच्या मालिकेत ही विभागणी स्वच्छ आहे. दर्शनी बाजूला सिंहशीर्ष, त्याखाली ‘सत्यमेव जयते’, एका अंगाला ‘भारत’ आणि दुसऱ्या अंगाला इंग्रजीत ‘इंडिया’ असे असते, तर मागील बाजूला ₹ हे चिन्ह, आकडा आणि साल असते. दहा रुपयांच्या दुरंगी नाण्यावरून दुकानांत आणि ऑटोत मध्यंतरी बरेच वाद झाले. काही नाण्यांवर ₹ चिन्ह आहे, काहींवर नाही, म्हणून एक प्रकार खोटा असल्याची अफवा पसरली होती. हे फरक निरनिराळ्या वर्षी बदललेल्या नक्षीचे आहेत. दहा रुपयांच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही प्रकार चलनात ग्राह्य आहेत असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. दर्शनी बाजू पाहण्याची सवय असलेला माणूस अशा अफवेला बळी पडत नाही, कारण सिंह जागेवर असतात हे त्याला ठाऊक असते.

स्मारक नाणी हा प्रकार नीट समजून घ्यावा. १९६४ साली पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ निघालेला रुपया, किंवा महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीची नाणी हाती आली की चेहरा दिसताच ती दर्शनी बाजू आहे असे वाटते. परंतु भारतीय प्रजासत्ताक कोणत्याही व्यक्तीच्या नावाने नाणे पाडत नाही, ते राष्ट्राच्या नावाने पाडते, आणि म्हणून सिंहांची बाजू पुढे आणि नेहरूंची किंवा गांधीजींची बाजू मागे. हल्लीच्या स्मारक नाण्यांबाबत केंद्र सरकार राजपत्रात जी अधिसूचना काढते तिच्यात दोन्ही बाजूंचे वर्णन वेगवेगळे दिलेले असते: दर्शनी बाजूवर सिंहशीर्ष आणि त्याखाली मूल्य, मागील बाजूवर व्यक्तीचे किंवा घटनेचे चित्र. वाद झालाच तर ही अधिसूचना काढून पाहावी, तो शेवटचा शब्द आहे.

मागील बाजूवर सालाच्या आसपास पाहिले म्हणजे टाकसाळीची खूणही सापडते. मुंबईची खूण साधारणपणे हिऱ्याच्या आकाराची चौकट, हैदराबादची तारा, नोएडाची गोल टिंब असते, आणि कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते.

राणीछाप आणि राजाछाप

कंपनी सरकारने १८३५ मध्ये आपल्या सर्व प्रदेशासाठी एकसारखी नाणी सुरू केली. त्यांवर चौथ्या विल्यमचा मुखवटा होता. १८४० च्या रुपयावर एका बाजूला ‘व्हिक्टोरिया क्वीन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असे इंग्रजीत आहे. येथे दोन सत्तांची नावे आहेत, तेव्हा पुढची बाजू कोणती हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की कंपनी राज्य चालवत होती, पण सार्वभौमत्व राणीचे होते, म्हणून राणीची बाजू दर्शनी. दोन सत्ता एकाच नाण्यावर दिसल्या तर वरिष्ठ सत्तेची बाजू पुढची, हा नियम लक्षात ठेवावा, कारण संस्थानी नाण्यांपाशी तो पुन्हा लागतो.

१८६२ च्या रुपयापासून मागील बाजूवरून कंपनीचे नाव जाऊन ‘वन रुपी, इंडिया’ आणि साल आले. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आले. सातव्या एडवर्डच्या चांदीच्या रुपयावर राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, तो उजवीकडे पाहतो, आणि मागील बाजूवर इंग्रजीबरोबर फारशी लिपीतही मूल्य लिहिलेले आहे. पाचवा जॉर्ज मुकुटासह डावीकडे पाहतो. त्याच्या १९११ च्या रुपयावर झग्यावरच्या पदकातला हत्ती इतका आखूड सोंडेचा उतरला की लोकांना तो डुकरासारखा वाटला, आणि त्यावरून गदारोळ झाल्यावर पुढच्या वर्षी ठसा बदलावा लागला. हा हत्ती पाहायचा असेल तर राजाच्या छातीच्या खालच्या भागावर, काठाजवळ, भिंग धरावे.

सहाव्या जॉर्जच्या १९४७ च्या निकेलच्या रुपयावर मागील बाजूस वाघ आहे. वाघ कितीही देखणा असला तरी तो सत्तेची खूण नाही, म्हणून मुखवट्याची बाजूच दर्शनी. भोकाचा पैसा, जो १९४३ ते १९४७ या काळात निघाला, त्यावर चेहऱ्याला जागाच नाही. तेथे भोकाच्या वर मुकुट आहे आणि मुकुट हे राजसत्तेचे चिन्ह असल्याने ती दर्शनी बाजू. फुला-पानांची वेल असलेली बाजू मागील.

रुपया फार झिजला असेल तर तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंच्या मध्यभागाकडे पाहावे. मुखवट्याचा उठाव सर्वांत उंच असल्याने तो आधी झिजतो आणि मध्ये एक लंबगोल, नितळ बेटासारखा भाग उरतो. मागील बाजूवर मध्यभागी अक्षरे असल्याने तेथे आडव्या ओळींचे अवशेष दिसतात. चांदीच्या पूर्ण रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि व्यास सुमारे साडेतीस मिलिमीटर असतो. झिजेने वजन थोडे कमी भरते, पण फार कमी भरत असेल तर बाजू ठरवण्याआधी नाणे खरे आहे की नाही हे ठरवावे.

येथेच एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. एका बाजूला रामपंचायतन, हनुमान किंवा ॐ आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ किंवा तत्सम साल असलेली तांब्या-पितळेची ‘नाणी’ सर्वत्र फिरतात आणि त्यांना लाखो रुपये मिळतात असे सांगून लोकांना फसवले जाते. अशी नाणी कंपनीने पाडलेली नाहीत. कंपनीच्या नावावर देवाचे चित्र पाहिले की दर्शनी बाजू शोधण्याचा खटाटोप करू नये. देवस्थानी किंवा पूजेसाठी बनवलेला रामटंका ही वस्तू वेगळी आणि आदराची आहे, परंतु तेही चलन नव्हे, आणि चलनच नाही म्हटल्यावर सत्तेच्या खुणेची कसोटी तेथे लागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंचे वर्णन करावे आणि थांबावे.

संस्थानी नाणी

वऱ्हाडाचा निजामाशी जुना संबंध असल्यामुळे अमरावती-अकोल्याकडून नागपुरात आलेल्या कुटुंबांकडे चारमिनारची नाणी बऱ्याचदा सापडतात. त्यांवर चेहरा नाही. चारमिनारची बाजू, जिच्या भोवती निजामाचा किताब लिहिलेला असतो, ती दर्शनी. मूल्य आणि राज्यारोहणापासूनचे वर्ष असलेली बाजू मागील. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक लहानसे फारशी अक्षर असते. ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अलीचे, ‘ऐन’ असेल तर उस्मान अलीचे. फारशी न वाचणाऱ्यालाही ही दोन अक्षरे एकदा कागदावर गिरवली की भिंगातून ओळखता येतात.

बडोद्याच्या तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या रुपयावर महाराजांचा मुखवटा आणि देवनागरी लेख आहे, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. कच्छची नाणी मात्र मुद्दाम अभ्यासावीत. एका बाजूला फारशी लिपीत ब्रिटिश सम्राटाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला देवनागरीत कच्छच्या महारावांचे नाव असते. वर सांगितलेला वरिष्ठ सत्तेचा नियम येथे लागतो आणि सम्राटाच्या नावाची बाजू दर्शनी ठरते. आपल्याला वाचता येणारी देवनागरी बाजू मागील आहे हे स्वीकारायला मन तयार होत नाही, पण नोंद करताना लिपीच्या ओळखीला महत्त्व देऊ नये. आठव्या एडवर्डने काही महिनेच राज्य केले, तरी १९३६ मध्ये कच्छने त्याच्या नावाची नाणी पाडली, आणि ती केवळ या दर्शनी बाजूमुळेच ओळखली जातात.

शिवराई, मुघली आणि मराठा रुपये

शिवराईच्या दर्शनी बाजूवर तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि मागील बाजूवर दोन ओळींत ‘छत्र / पति’ असे असते, आणि दोन्ही लेखांभोवती टिंबांचे वर्तुळ असते. अडचण अशी की तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान असे, तो हाताने ठोकला जाई, आणि त्यामुळे पूर्ण लेख क्वचितच उमटे. हाती आलेल्या शिवराईवर एका बाजूला ‘राजा’तला ‘जा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘त्र’ एवढेच दिसत असेल तरी निर्णय होतो. ओळी मोजाव्यात. तीन ओळींची जागा दिसली तर ती दर्शनी, दोन ओळींची दिसली तर मागील. ‘शिव’ हे नाव ‘सिव’, ‘सीव’ असेही आढळते, त्यामुळे अक्षर वेगळे दिसले म्हणून नाणे खोटे ठरवण्याची घाई करू नये. शिवराया पेशवाईतही चालू राहिल्या, आणि बाजूंची रचना तीच राहिली.

मराठ्यांच्या चांदीच्या रुपयावर मात्र देवनागरी शोधू नये. अठराव्या शतकात मराठा सरदारांनी, आणि त्यांत नागपूरकर भोसलेही आले, पाडलेल्या रुपयांवर फारशी लिपीत दिल्लीच्या बादशहाचे नाव असे, कारण बाजारात लोकांचा विश्वास त्या नावावर होता. बादशहाचे नाव असलेली बाजू दर्शनी, आणि टाकसाळ व राज्यवर्ष असलेली बाजू मागील. ही विभागणी औरंगजेबापासूनच्या मुघल रुपयांवरून आलेली आहे. शहाजहानपर्यंतच्या पुष्कळ नाण्यांवर एका बाजूला कलमा असतो, आणि तेथे कलम्याची बाजू दर्शनी धरण्याचा प्रघात आहे. औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमा बंद केला.

फारशी येत नसेल तरी मागील बाजू ओळखता येते. मागील बाजूवर ‘जुलूस मैमनत मानूस’ हे शब्द आणि ‘जर्ब’ म्हणजे ‘अमुक ठिकाणी पाडले’ हा शब्द असतो. ‘जुलूस’मधल्या ‘सीन’ या अक्षराची लांब, आडवी, किंचित वाकलेली रेघ नाण्याच्या रुंदीभर पसरलेली असते. ही रेघ डोळ्यांत बसली की मागील बाजू चटकन सापडते. आणखी एक आधार वर्षांचा आहे. हिजरी वर्ष, जे साधारण चार अंकी असते, बहुधा बादशहाच्या नावाच्या बाजूवर असते, आणि राज्यवर्ष, जे एक किंवा दोन अंकी असते, ते टाकसाळीच्या बाजूवर असते. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, मुघल नाण्यांचा संग्रह आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयातल्या जाणकारांना विचारणे हा आपल्या शहरातला सर्वांत चांगला मार्ग आहे.

प्राचीन नाणी

आहत नाण्यांवर, म्हणजे चांदीच्या तुकड्यावर सुट्या ठशांनी चिन्हे उमटवलेल्या नाण्यांवर, ना नाव आहे ना चेहरा. तेथे ज्या बाजूवर बहुधा पाच ठसे असतात ती दर्शनी, आणि जी कोरी असते किंवा जिच्यावर एखाद-दुसरी बारीक खूण असते ती मागील.

सातवाहनांची पोटिन धातूची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची, नाणी विदर्भाच्या मातीत सापडतात. आताच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा येथे १९३९ साली मिळालेला साठा प्रसिद्ध आहे, आणि त्याचा अभ्यास नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला. या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्याभोवती राजाच्या नावाचा ब्राह्मी लेख असतो. मागील बाजूवर चार वर्तुळे जोडणारा क्रूस, ज्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात, असतो. हत्ती झिजला असेल तर उलट बाजूने सुरुवात करावी. चार वर्तुळांपैकी दोन जरी दिसली तरी ती मागील बाजू, आणि उरलेली आपोआप दर्शनी.

पश्चिमी क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, चांदीच्या लहान नाण्यांपाशी घराघरांतली समजूत पूर्ण उलटी होते. मुखवटा दर्शनी बाजूवर आहे हे खरे, पण राजाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव ब्राह्मीत मागील बाजूवर, कमानींच्या टेकडीभोवती आहे, आणि शक संवत्सराचे वर्ष मात्र पुढे, राजाच्या डोक्यामागे आहे. साल असेल ती मागची बाजू असे मानणाऱ्याने हे नाणे एकदा अवश्य पाहावे. गुप्तांच्या सुवर्णनाण्यांवर राजा पुढे आणि देवी मागे असते, आणि कुषाणांचीही रचना अशीच, राजा पुढे व देवता मागे.

पुनर्मुद्रित नाण्यांचा प्रश्न सर्वांत रंजक आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले होते. अशा नाण्यावर नहपानाचा चेहरा, त्याच्यावर कमानींची टेकडी, आणि दुसऱ्या बाजूला नहपानाच्या खुणांवर उज्जयिनी चिन्ह असे एकात एक मिसळलेले दिसते. येथे दोन थर वेगळे करावेत. जो ठसा दुसऱ्याला कापतो तो नंतरचा. नोंद नंतरच्या सत्तेच्या नावाने करावी, आणि खालचा ठसा ‘आधारनाणे’ म्हणून स्वतंत्र ओळीत लिहावा.

नाणे उलटण्याची रीत

बाजू ठरल्यावर दिशा ठरवावी. दर्शनी बाजूवरचे चित्र सरळ उभे राहील असे नाणे धरावे, वरच्या बिंदूला बारा वाजले असे समजावे, आणि मग वहीचे पान उलटतो तसे, डावी-उजवी कड धरून, नाणे फिरवावे. भारताच्या नाण्यांवर मागील बाजूही सरळ उभी दिसते. अमेरिकेच्या नाण्यावर ती डोक्यावर उभी दिसते, कारण तेथे पोथीचे पान उलटतात तसे, खालची कड वर आणून, नाणे फिरवण्याची अपेक्षा असते. आधुनिक भारतीय नाण्याची मागील बाजू तिरकी किंवा उलटी दिसत असेल तर ठसा फिरलेला आहे, आणि अशा चुकीच्या नाण्यांना संग्राहकांत मागणी असते. हाताने ठोकलेल्या शिवराईला किंवा मुघली रुपयाला हा निकष लावू नये, कारण कारागीर वरचा ठसा कोणत्याही कोनात धरत असे.

परदेशी नाण्यांबाबत थोडक्यात सांगतो. ब्रिटनच्या नाण्यांवर राजमुखाची बाजू पुढची. युरोवर अंक असलेली, सर्व देशांना समान असलेली बाजू मागील आणि ज्या त्या देशाची स्वतःची बाजू दर्शनी. जपानमध्ये साल असलेली बाजू मागील धरतात.

नोंद आणि फोटो

फोटो काढताना दर्शनी बाजू डावीकडे आणि मागील बाजू उजवीकडे ठेवावी, दोन्हींचा आकार सारखा असावा, आणि शेजारी पट्टी असावी. फ्लॅश वापरू नये. कागदी पाकिटावर नाणे आत ठेवण्याआधी शिसपेन्सिलीने लिहावे: सत्ता, मूल्य, साल, धातू, वजन, व्यास, दर्शनी बाजूचे वर्णन, मागील बाजूचे वर्णन आणि ठशांची दिशा. दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे लिहिली तर सोपे जाते, म्हणजे मागील बाजूचा वरचा भाग ‘बारा’ला आहे की ‘सहा’ला, किंवा मधे कोठे. जे दिसते तेवढेच लिहावे. नुसता ‘जा’ दिसत असेल तर कंसात बाकीची अक्षरे भरून पूर्ण ‘श्री राजा शिव’ लिहू नये, कारण पुढे पाहणाऱ्याला काय खरोखर दिसले आणि काय गृहीत धरले हे वेगळे कळले पाहिजे. बाजूंबद्दल खात्री नसेल तर ‘बाजू अ’ आणि ‘बाजू ब’ असे लिहावे आणि दोन्हींचे फोटो जोडावेत.

नाणे शेत नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना सापडले असेल तर ओळख पटवण्याच्या आधी कायदा पाहावा. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीत सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. अशा ठिकाणी नाणी एकत्र कशी होती, कोणत्या भांड्यात होती, किती खोल होती ही माहिती नाण्यांइतकीच मोलाची असते, म्हणून ती वेगळी करून धुण्याऐवजी आहे तशी ठेवून, दोन्ही बाजूंचे फोटो काढून, लगेच कळवावे. शंभर वर्षांहून जुने नाणे परवान्याविना देशाबाहेर पाठवणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने वर्ज्य आहे, त्यामुळे परदेशातल्या ग्राहकाला टपालाने विकण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.